‘आपण’ आणि प्रेक्षकाची जागा : नागपूरच्या मैदानविषयक वादाची एक समीक्षा

१

सोमवार, दिनांक ३ मार्च २०२५ रोजी सकाळी वाडीच्या नाक्यावरील एका चहाच्या टपरीवर प्रस्तुत लेखकाच्या कानी दोन वाक्ये पडली. कामावर निघालेले एक मध्यमवयीन गृहस्थ शेजारच्या तरुणास म्हणाले, ‘‘काल आपन जिंकलो न, भाऊ.’’ तरुणाने उत्तर दिले, ‘‘हौ. अन् विदर्भबी जिंकला म्हने.’’ एवढे बोलून दोघांनी कप ठेवले आणि ते आपापल्या वाटेने गेले.

वाक्ये साधी आहेत. परंतु ज्या दोन घटनांना उद्देशून ती उच्चारली गेली त्या लक्षात घेतल्यास त्यांतील विसंगती चटकन दृष्टोत्पत्तीस येते. २ मार्च रोजी दुबई येथे भारताने न्यूझीलंडचा ४४ धावांनी पराभव केला. त्याच दिवशी नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यातील रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित राहिला व पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर (३७९ विरुद्ध ३४२) विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक मिळविला. दुबई समुद्रापलीकडे आहे. जामठा वाडीच्याच जिल्ह्यात आहे. असे असता दूरच्या विजयाच्या वाट्यास ‘आपण’ हे सर्वनाम आले, आणि जवळच्या विजयाच्या वाट्यास तृतीय पुरुष व त्याजोडीला ‘म्हणे’ हे अव्यय आले. ‘म्हणे’ने वक्ता सांगत असतो की, ही गोष्ट मी स्वतः पाहिलेली नाही, ऐकीव आहे, आणि तिची जबाबदारी मजवर नाही. हाकेच्या अंतरावरील विजय ऐकीव का व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

नागपुरात मैदान, आसने, तिकिटे आणि खेळाची अवनती यांविषयी जो वाद गेली काही वर्षे घरोघर चालतो, त्यातील दोन्ही पक्षांपाशी या प्रश्नाची तयार उत्तरे आहेत. ती उत्तरे तपासणे आणि ती अपुरी का पडतात हे दाखविणे, एवढाच मर्यादित हेतू येथे आहे.

२

प्रथम सर्वनामाविषयी. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते. ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते. ‘आम्ही सामना पाहायला जाणार’ हे विधान आहे. ‘आपण सामना पाहायला जाऊ’ हे आमंत्रण आहे. हा भेद गुजरातीतही आहे आणि तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’ या रूपांनी तो स्पष्ट दिसतो. मराठीत तो द्राविडी भाषांच्या सान्निध्याने दृढ झाला असावा, अशी उपपत्ती अनेक अभ्यासकांनी मांडली आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘आपण’ हा शब्द ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्पण’ या रूपाद्वारे आलेला आहे. म्हणजे ज्या शब्दाने मराठी माणूस समूहात सामील होतो, त्याच्या मुळाशी ‘स्वतः’ हाच अर्थ आहे.

क्रीडाप्रेक्षकाच्या भाषेत हा भेद विशेष बोलका ठरतो. मैदानात उतरलेला खेळाडू ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणू शकतो. प्रेक्षकाला तो अधिकार नाही. प्रेक्षकाचे सर्वनाम एकच, ते म्हणजे ‘आपण’. त्याने बॅट धरलेली नसते, चेंडू टाकलेला नसतो. तरीही ‘आपण’ म्हणून तो त्या कृतीचा भागीदार बनतो आणि ऐकणाऱ्यालाही भागीदार करून घेतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात उपयुक्त आहे. तेथील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचे सामने झाल्यावर विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून निकाल विचारण्यात आला. आपल्या विद्यापीठाच्या विजयाचे वर्णन करताना विद्यार्थी प्रथमपुरुषी अनेकवचन अधिक वापरतात आणि पराभवाचे वर्णन करताना ते मागे पडते, असे आढळले. परंतु इंग्रजीत हे सर्वनाम एकच आहे. त्यामुळे बोलणारा ऐकणाऱ्याला सोबत घेतो की बाहेर ठेवतो, हे त्या अभ्यासात दिसणे शक्य नव्हते. मराठीत ते प्रत्येक वाक्यात दिसते. आणखी एक फरक असा की, चाल्डिनी यांच्या विद्यार्थ्यांनी पराभवाच्या वेळी सर्वनाम टाकले; वाडीच्या तरुणाने ते विजयाच्या वेळीच टाकले. म्हणून त्याचे कारण निकालात शोधून चालणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की, दोन विजयांत भेद दाखविण्यासाठीच तरुणाने ‘विदर्भ’ हे नाव घेतले असेल. आक्षेप योग्य आहे. तथापि भेदच दाखवावयाचा होता, तर पहिल्या वाक्यातही ‘भारत’ हे नाव यावयास हवे होते. ते आले नाही, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेही नाही. ज्याचे नाव घ्यावे लागत नाही ते आपले, आणि ज्याचे घ्यावे लागते ते दुसऱ्याचे, हा बोलण्याचा जुनाच नियम आहे.

३

वादातील पहिला पक्ष सांगतो की, हे सारे आसनांनी केले. या पक्षाच्या मनात सदर भागातील विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे जुने मैदान आहे. तेथे ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. शहराच्या मध्यावर असलेले ते मैदान. सायकलीवरून जावे, दुपारी डबा खावा आणि संध्याकाळी घरी यावे, असा तेथील शिरस्ता. नोव्हेंबर २००८ मध्ये कसोटी सामने जामठ्याला गेले. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तेथील पहिला कसोटी सामना सौरव गांगुली यांचा अखेरचा कसोटी सामना म्हणूनही स्मरणात आहे. वर्धा मार्गावरील हे क्रीडागार शहराच्या मध्यापासून पंधरा किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वाडीकराला तर अमरावती मार्गावरून निघून शहराला वळसा घालून वर्धा मार्ग गाठावा लागतो.

या पक्षाच्या बोलण्यात अंतरापेक्षाही एक क्रियापद अधिक महत्त्वाचे आहे, असे लेखकास वाटते. ते म्हणजे ‘सरकणे’. सिमेंटच्या अखंड पायरीवर जागेला मोजमाप नसते. तेथे रुमाल टाकून जागा धरता येते आणि ‘जरा सरका’ म्हटले की तिघांच्या जागेत चौघे बसतात. एकेरी, क्रमांकित, प्लास्टिकच्या खुर्चीवर हे क्रियापद निरुपयोगी होते. खुर्ची सरकत नाही, आणि म्हणून माणूसही सरकत नाही. ‘जागा’ हा शब्द मागे पडतो, ‘सीट’ हा शब्द पुढे येतो. जागा माणसाने केलेली असते. सीट त्याला दिलेली असते. अनोळखी माणसाशी ‘आपण’ सुरू होण्याचा पहिला क्षण ‘जरा सरका’ हाच होता, असे या पक्षाचे म्हणणे भाषेच्या अंगाने मांडता येईल.

हे म्हणणे आकर्षक आहे. परंतु ते संपूर्ण स्वीकारण्यात धोका आहे. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी याच जुन्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील एकदिवसीय सामन्याच्या वेळी नव्याने बांधलेल्या प्रेक्षागाराची भिंत कोसळली आणि सामना पाहावयास आलेली माणसे मृत्युमुखी पडली. दाटीवाटीच्या गोड आठवणी सांगणाऱ्याने हा दिवस वगळता कामा नये. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो येथील चेंगराचेंगरीत अखेर ९७ जीव गेले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालाने मोठ्या फुटबॉल मैदानांतील उभ्याने पाहण्याच्या जागा काढून सर्वत्र आसने बसविण्याची शिफारस केली. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचा जिवाभावाचा उभा कठडा १९९४ मध्ये इतिहासजमा झाला. त्याचे दुःख खरे होते. तरीही तो निर्णय चुकला असे म्हणणे कठीण आहे. शिवाय जी जागा कोपराच्या बळावर धरावी लागते, ती स्त्रियांना, वृद्धांना आणि लहान मुलांना मिळत नाही. ‘जरा सरका’ या वाक्यात सामावले जाणारे ‘आपण’ बहुधा धडधाकट पुरुषांचेच होते. क्रमांकित खुर्चीने त्या ‘आपण’ची व्याप्ती वाढविली, हेही मान्य केले पाहिजे.

आसनांवरून भांडण नवे नाही, हेही ध्यानात ठेवावे. मुंबईचे वानखेडे क्रीडागार मुळात आसनांच्या भांडणातूनच उभे राहिले. ब्रेबॉर्न क्रीडागार क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तेथील सामन्यांच्या तिकिटांचा किती वाटा शहराच्या क्रिकेट संघटनेस मिळावा, यावरून १९७० च्या दशकाच्या आरंभी वाद विकोपास गेला आणि जेमतेम एका किलोमीटरच्या आत दुसरे क्रीडागार बांधले गेले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. ब्रेबॉर्नवर पुढचा कसोटी सामना होण्यास डिसेंबर २००९ उजाडले. ज्यांच्या नावाने ते क्रीडागार ओळखले जाते ते शेषराव वानखेडे नागपूर महानगरपालिकेचे पहिले महापौर होते, ही गोष्ट नागपूरकरांनी विसरू नये. त्याच वानखेडेवर २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा सुमारे ३३,००० आसनांपैकी केवळ ४,००० च्या आसपास तिकिटे सर्वसामान्यांस खुली झाली. तरीही त्या रात्री ‘आपण जिंकलो’ म्हणण्यास कोणी कचरले नाही. म्हणजे जागा न मिळालेला माणूसही ‘आपण’ म्हणू शकतो. आसनांचा सिद्धान्त येथे अपुरा पडतो.

४

दुसरा पक्ष म्हणतो की, प्रेक्षक गेला कारण खेळ उतरला. संघ जिंकू लागला की माणसे आपोआप येतील. हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो. परंतु विदर्भाचा इतिहास त्याच्या नेमका विरुद्ध साक्ष देतो.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून स्वतंत्रपणे रणजी स्पर्धेत खेळत आला आणि सहा दशके त्याच्या वाट्यास करंडक आला नाही. नंतर फैज फझल यांच्या नेतृत्वाखाली व चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली २०१७-१८ च्या मोसमात इंदूर येथे दिल्लीचा पराभव करून विदर्भाने तो प्रथम जिंकला; २०१९ मध्ये जामठ्यावर सौराष्ट्राला हरवून तो राखला; २०२४ मध्ये मुंबईकडून अंतिम सामन्यात हार पत्करली; आणि २०२५ मध्ये अक्षय वाडकर यांच्या नेतृत्वाखाली तो पुन्हा मिळविला. एवढे यश अनेक जुन्या प्रांतांनाही एवढ्या अल्पावधीत लाभलेले नाही. आणि याच यशाच्या दुसऱ्या दिवशी वाडीच्या टपरीवर ‘म्हणे’ उच्चारले गेले. यशाने ‘आपण’ निर्माण होते हे गृहीत येथेच ढासळते. उलट ३० जानेवारी २०२५ रोजी दिल्ली येथे विराट कोहली रणजी सामन्यात खेळावयास उतरले तेव्हा हजारोंची गर्दी लोटली. ती गर्दी दिल्लीच्या संघासाठी नव्हती, एका व्यक्तीसाठी होती. व्यक्तीला ‘तो’ म्हणता येते, ‘आपण’ म्हणता येत नाही.

५

दोन्ही पक्ष मोठ्या क्रीडागाराकडे पाहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर लहान मैदानात, विशेषतः महाविद्यालयाच्या मैदानात, आहे.

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये नागपुरात झाला, आणि त्यांचे शिक्षण हिस्लॉप या नावाशी जोडलेले आहे. ते प्रांताचे होण्याआधी एका संस्थेचे होते. ही परंपरा पुढेही चालली. १९५८-५९ मध्ये अजित वाडेकर यांनी मुंबई विद्यापीठाकडून दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धावा केल्या. १९७० मध्ये सुनील गावसकर यांनी त्याच विद्यापीठाकडून ३२७ धावा करून तो विक्रम मोडला आणि दुसऱ्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये कसोटी खेळावयास ते गेले. आंतरविद्यापीठ स्पर्धेतील, रोहिंटन बारिया करंडकातील, खेळी ही त्या काळी राष्ट्रीय संघाकडे नेणारी वाट होती. त्या वाटेवरच्या प्रत्येक खेळाडूला एक षष्ठी विभक्ती लागलेली असे : अमक्या महाविद्यालयाचा, तमक्या वसतिगृहाचा, आमच्या वर्गातला. ‘आमच्या वर्गातला’पासून ‘आपण जिंकलो’पर्यंतचे अंतर फार थोडे असते.

पुढे ही वाट बदलली. कूचबिहार करंडक मूळचा शालेय संघांचा; १९८० च्या दशकात तो एकोणीस वर्षांखालील खेळाडूंचा झाला. सोळा, एकोणीस, तेवीस अशी वयाची पायरी हीच निवडीची पायरी झाली आणि ती संघटनेच्या हाती गेली. खेळाच्या दृष्टीने हा बदल लाभदायकच ठरला असेल. विदर्भाची तीन जेतेपदे या व्यवस्थेचेच फळ आहे, असेही म्हणता येईल. परंतु भाषेच्या दृष्टीने पाहता संस्थावाचक विशेषणाच्या जागी वयोवाचक विशेषण आले. ‘मॉरिस कॉलेज’ म्हटले की त्यात विद्यार्थी, माजी विद्यार्थी, शिपाई, कँटीनवाला सारे येतात आणि त्यांपैकी प्रत्येकाला ‘आपण’ म्हणता येते. ‘एकोणीस वर्षांखालील’ या शब्दांत कोण येते? ज्याचे वय एकोणीस उलटले तो आपोआप बाहेर पडतो. वयोगट हा खेळाडूंचा असतो. त्याला प्रेक्षक नसतो, पालक असतात.

अमेरिकेतील उदाहरण याच्या उलट आहे. तेथे विद्यापीठाचा फुटबॉल संघ आजही विद्यापीठाच्याच नावाने खेळतो, आणि तेथे आसनांची भांडणे कमालीची कडवट असतात. स्टॅनफर्डने आपल्या जुन्या क्रीडागाराची सुमारे ८५,००० आसने कमी करून २००६ मध्ये सुमारे ५०,००० आसनांचे नवे क्रीडागार उभारले. बर्कले येथे जुन्या क्रीडागाराच्या नूतनीकरणासाठी चाळीस-पन्नास वर्षांच्या आसनहक्काची योजना आखण्यात आली. एका हक्काची किंमत ४०,००० पासून २,२०,००० डॉलरपर्यंत होती आणि विक्री अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली. संघ हरत असता आसने महाग का, विद्यार्थ्यांना कोपऱ्यात का ढकलले, दोन पिढ्या एका कुटुंबाने राखलेली जागा देणगीदारास का, अशी तक्रार अशा ठिकाणी ऐकू येते. तिला सामान्यतः ऱ्हासाचे लक्षण मानले जाते. लेखकास तसे वाटत नाही. जागेसाठी भांडतो तो मनाने अजून आतच असतो. त्याच्या तक्रारीचा कर्ता ‘आपण’ असतो. ऱ्हास तेथे सुरू होतो, जेथे भांडावयासही कोणी उरत नाही.

६

येथे एक स्वानुभव नोंदविणे अस्थानी होणार नाही. काही वर्षांपूर्वी लेखकास आपल्या महाविद्यालयाच्या संघाबरोबर एका आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यास जावे लागले. मैदानाच्या एका कडेला सिमेंटच्या चार पायऱ्या होत्या. त्यांवर राखीव खेळाडू, धावा टिपणारे दोघे, एक शारीरिक शिक्षण संचालक आणि आपल्या दुचाकीवर लक्ष ठेवीत बसलेला एक वडीलधारा एवढीच मंडळी होती. कोणीही कोणास ‘सरका’ म्हटले नाही; सरकण्याची गरजच नव्हती. आमचा संघ जिंकला. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले असता एका विद्यार्थिनीने नम्रपणे उत्तर दिले, ‘‘सर, ते जिंकले म्हणे.’’ वाडीच्या टपरीवर ‘म्हने’ ऐकले तेव्हा लेखकास प्रथम आठवली ती हीच विद्यार्थिनी. जिला ‘आपण’ म्हणण्याचा पहिला अधिकार होता, तिला तो आहे हेच कोणी सांगितलेले नव्हते. तो सामना केव्हा व कोठे आहे, हेही तिला ठाऊक नव्हते. सूचनाफलकावर ते लावण्याचे काम ज्याचे होते तो दुसरा कोणी नसून प्रस्तुत लेखकच होता.

दोन-चार ऐकीव वाक्यांवरून सर्वसाधारण सिद्धान्त काढू नये, हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही. वरील विवेचन हे अनुमान आहे. त्याची परीक्षा व्हावयास हवी, आणि ती अवघड नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये, वसतिगृहात, बसथांब्यावर निकाल विचारावा आणि उत्तरातील कर्ता टिपून घ्यावा : ‘आपण’, ‘आम्ही’, ‘ते’, की संघाचे नाव, आणि त्यामागे ‘म्हणे’ आहे की नाही. विजय व पराभव, शहर व ग्रामीण भाग, स्त्री व पुरुष असे भेद पाडून ही टिपणे गोळा झाली, तर पदव्युत्तर प्रबंधिकेस पुरेल एवढी सामग्री एका मोसमात मिळेल. चाल्डिनी यांना जो भेद दिसणे शक्य नव्हते, तो मराठीत नोंदविता येईल.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न. जामठ्याची आसने कशी असावीत हे विद्यापीठाच्या हाती नाही. रणजी संघाची निवडही नाही. विद्यापीठाच्या हाती त्या चार पायऱ्या आहेत, एक सूचनाफलक आहे आणि दुपारचे दोन तास मोकळे ठेवण्याचा अधिकार आहे. मोठ्या क्रीडागाराचा प्रेक्षक लहान मैदानात घडतो. तेथे ज्याने कधी ‘आपण हरलो’ असे म्हटले नाही, त्याच्याकडून दूरवरच्या मैदानात ‘आपण जिंकलो’ची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. पराभवाचे ‘आपण’ हेच खरे ‘आपण’ होय. विजयाचे कोणीही उसने घेऊ शकतो. तेव्हा पुढच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याची सूचना वेळेवर लागली, त्या पायऱ्या भरल्या आणि कोणीतरी कोणास ‘जरा सरका’ म्हटले, तर मैदानविषयक वादाची पुढची चर्चा त्या पायरीवर बसूनच करावी, हे उचित होईल.